तोटीचं येणंजाणं

पहाटेचं धुकं दरीत विरून गेल्यावरही अप्पांच्या हातात थोडं धुकं शिल्लक असे. त्यांच्या भाताच्या गिरणीमागे इंजिनाची खोली होती. कौलांच्या फटीतून तिथे उन्हाची एक तिरीप उतरे, आणि त्या तिरिपेत आपली तोटी धरून अप्पा हातपंपाचा दांडा दाबत. डिझेल इंजिनाच्या माथ्यात बसून आत तेल फवारणारी, बोटभर लांबीची ती पोलादी तोटी. तिच्या केसाएवढ्या छिद्रांतून तेल बाहेर पडे ते निःश्वासासारखं; क्षणभर अधांतरी थबकलेला एक सोनेरी, नितळ शंकू, आणि त्याच्यासोबत बारीक आवाज, कुर्र, कुर्र. तो आवाज ते डोळे मिटून ऐकत. षड्ज लागल्यावर गवयाच्या मुद्रेवर जी तृप्ती उमटते, ती मी त्या तेलकट, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर पाहिली आहे. चांगली तोटी कुरकुरते, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. गप्प बसून थेंब गाळायला लागली की समजावं, तिचं बिनसलं.

हे सारं मी माझ्या मागच्या पडवीतून पाही. गिरणीला लागून असलेल्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. मी समुद्राकाठची, वेंगुर्ल्याकडची. शाळा तिसरीतच सुटली, मग लग्न झालं, आणि संस्थानच्या जंगल खात्यात कारकुनी मिळाली म्हणून यांच्या मागोमाग मी जव्हारच्या या पठारावर येऊन पडले. जन्मापासून कानात गाज होती, ती इथे येताच कुणी सुरीने कापून टाकावी तशी थांबली. साग-ऐनाच्या रानातली ती अथांग निःशब्दता मला खायला उठे. आणि सांगायचं तरी काय कुणाला, शांततेची भीती वाटते म्हणून? मग एका सकाळी भिंतीपलीकडे इंजिनाचं जड चाक फिरू लागलं. धप्, धप्, धप्. लाट यावी, फुटावी, ओसरावी, आणि तिच्या मागोमाग दुसरी यावी, तसं. मी चुलीपुढे होते ती तशीच बसून राहिले. कितीतरी दिवसांनी मला धड श्वास आला होता.

अप्पांनी हे कसं ओळखलं, कुणास ठाऊक. इंजिन अवचित थांबलं की ही बाई कावरीबावरी होऊन पडवीत येते, एवढं त्यांच्या नजरेत आलं असावं. तेव्हापासून इंजिन बंद करण्याआधी ते आमच्या मागच्या दाराची कडी वाजवत आणि पाठमोरे उभे राहून सांगत, "वैनी, आता थांबवतोय हं. मोडलं नाही काही." माझ्यावर पुष्कळांचे उपकार आहेत, ते मी फेडू शकणार नाही, पण माझ्या भित्र्या जिवाला आधी वर्दी देणारा माणूस तो एकच.

त्या इंजिनाला एक जुळा भाऊ होता. संस्थानची हद्द ओलांडून इंग्रजांच्या खालसा मुलखात, मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला. लाकडाच्या एका ठेकेदाराने ते बैल लावून डोंगरावर चढवलं होतं. त्याचं काम संपलं तेव्हा ते धूड घाटाखाली उतरवण्याची कुणाची छाती होईना, म्हणून ज्याच्या माळावर ते उभं होतं त्या रावजीलाच ते देऊन ठेकेदार निघून गेला. रावजी शेतकरी गडी. भात लावणारा, नागली पेरणारा. त्याने त्या इंजिनाला जातं जोडलं, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन नागली दळायला येऊ लागल्या. पण ती इंजिनं घडवणारा विलायतेतला कारखाना कधीच बसला होता, सुटे भाग मिळत नसत. एक दिवस रावजी आपली तोटी धोतराच्या सोग्यात बांधून जव्हारला आला. अप्पांनी ती उन्हात धरली, दांडा दाबला. ती गप्प होती. तिच्या टोकाशी नुसता एक थेंब लोंबत राहिला.

"ही गेली," अप्पा म्हणाले. मग उठले, स्वतःच्या इंजिनाच्या माथ्यातली तोटी उतरवली आणि त्याच्या हातात ठेवली. "आठवडाभर तू दळ. पुढच्या बाजाराला परत आण."

अशी ती रीत पडली. एक आठवडा जव्हारात भात भरडलं जाई, दुसरा आठवडा पोशेऱ्यात नागली दळली जाई. तोटीला धूळ लागू नये म्हणून मी जुन्या गोधडीची एक पिशवी शिवून दिली, आतून मेणकापड लावून. त्या पिशवीला येणाऱ्या-जाणाऱ्या वाटेवरचे लोक ओळखू लागले. हद्दीच्या नाक्यावरचा शिपाई म्हणे रावजीला अडवून विचारी, "काय रे, आज माहेरी निघाली का सासरी?" त्यावर रावजीचं उत्तर ठरलेलं, "हिला कोठंच नांदवत नाय दादा. दोन्हीकडचे म्हातारे खाष्ट."

अप्पांच्या घरात बोलायला माणूस नव्हतं. बायको जाऊन वर्षं लोटली होती, लेकींची लग्नं होऊन त्या दूर पडल्या होत्या. सहा दिवस हा गृहस्थ मोजकं बोले. आणि बाजाराच्या दिवशी, काटकुळा, काळासावळा रावजी कमरेचा कोयता सोडून तेलाच्या पिंपावर उकिडवा बसला, की अडलेला झरा मोकळा व्हावा तसं त्यांचं बोलणं सुटे. तोटी खोलायची, घासलेटात धुवायची, बारीक तारेने तिची छिद्रं मोकळी करायची. ते सारं करताना दोघांची तोंडं चालूच.

"काय पाजलंस रे हिला? ताक?"

"तुझेच डब्यातला तेल हाये. तूच गाळीत नाय, नि मना बोलतोस."

"दळताना झोपतोस तू."

"आमचे बाया म्हणतात, जव्हारचा म्हातारा तोटी चाटून धाडतो, म्हणून पीठ जाडं येतं."

मग अप्पा हसत. ते हसणं मला इंजिनाच्या पहिल्या ठोक्यासारखं वाटे, थोडं अडखळून सुरू होणारं आणि एकदा सुरू झालं की भिंती हलवणारं. एरवी त्यांना हसताना कुणी पाहिलं नसेल. जव्हारात तोटी नसलेल्या आठवड्यातही मला पूर्वीइतकी भीती वाटेनाशी झाली होती. वाटे, लाट ओसरलीय इतकंच. पलीकडच्या डोंगरात ती फुटत असेल.

आणि तरीही अप्पांच्या मनाला एक टोचणी होती. आठवडाभर पोशेऱ्याच्या बायांना जात्यावर घाम गाळावा लागतो, तो आपल्यामुळे, असं ते म्हणत. दिवाळीनंतर ते मुंबईला गेले आणि भंगाराच्या बाजारात त्यांनी दुकानामागून दुकान पालथं घातलं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या इंजिनाच्या माथ्यात त्यांना तशीच तोटी सापडली. परत आले ते लग्न ठरवून आल्यासारखे. मला म्हणाले, "वैनी, आणखी एक पिशवी शिवा." मी चांगल्यातलं कापड काढून शिवली.

बाजाराच्या दिवशी रावजीने ती नवी तोटी तिरिपेत धरली. दांडा दाबला. कुर्र. शंकू सुरेख पडला. बराच वेळ तो तोटी हातात फिरवत राहिला.

"मंग आता मी बाजाराला काय आणू?"

"स्वतःला आण की," अप्पा म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसलो.

त्यानंतर दोन्ही डोंगरांवर इंजिनं एकाच वेळी धडधडू लागली. रावजी पुढच्या बाजाराला आला, मग एका बाजाराआड आला, मग निरोपापुरता आला. कष्टकरी माणसाला कामाशिवाय कुणाच्या दारात जाऊन बसायची सवय नसते. हात रिकामे असले की त्याला आपलं येणं आगंतुक वाटू लागतं. अप्पांचंही तेच. मी एकदा धीर करून म्हटलं, तुम्हीच जाऊन या की. ते म्हणाले, "उगाच कशाला? त्याच्या कामाची खोटी होईल." बाजाराच्या दिवशी ते तोटी मात्र काढत, धूत, उन्हात धरत. पिंप रिकामं असे.

एक पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास बाजारात काकड्या विकायला आलेली पोशेऱ्याची एक बाई गिरणीच्या दारात टेकली आणि बोलता बोलता म्हणाली, "रावजीची गिरण आता कुठं? होळीपासून बंद. आम्ही परत जात्यावं."

 अप्पांनी चाक थांबवलं आणि हत्यारांची पेटी उचलली. स्वतःची तोटी जुन्या पिशवीत घातली आणि पोशेऱ्याची वाट धरली. त्या दिवशी कडी वाजली नाही.

परतले ते दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. पडवीच्या पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तसाच हातात राहिला. मग सांगू लागले. नवी तोटी होळीलाच गप्प झाली होती. जुनी दर दुसऱ्या बाजाराला धुतली जायची, ही दिवाळीपासून कुणी धुतलीच नव्हती. मुंबईहून शोधून आणून दिलेली वस्तू आपल्या हातून बिघडली, हे सांगायची रावजीला लाज वाटली. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणता पाऊस लागला. गळक्या छपरातून पाणी इंजिनात उतरलं आणि आतला दट्ट्या गंजून जागच्या जागी धरला. अप्पांनी दिवसभर घासलेट ओतलं, लाकडी ठोकळ्याने ठोकलं, दोघांनी मिळून चाकाला लोंबकळून पाहिलं. चाक हललं नाही.

"भांडला असता तरी चाललं असतं," अप्पा म्हणाले. मग तांब्या खाली ठेवत, अगदी हलक्या आवाजात, "मी गेलो तर त्यानं मला बसायला घोंगडी घातली, वैनी. कोरी घोंगडी. पाहुण्याला घालतात तशी."

त्यानंतर अप्पांनी इंजिन चालवलं, पण ऐकलं नाही. तिरीप तशीच खोलीत उतरे, धुळीचे कण तिच्यात तसेच तरंगत. तोटी कुरकुरली तरी आता त्यांचे डोळे मिटत नसत. ती नवी नसती सापडली तर, असं वाक्य ते कधी कधी अर्ध्यात सोडून देत, आणि उरलेलं अर्धं मीही पुरं केलं नाही. पिशवी मीच शिवली होती, चांगल्यातल्या कापडाची.

आज गिरणीत विजेची मोटर आहे. ती एकाच सुरात गुणगुणते, तिच्यात लाट नाही. समुद्राकडे माझं परत जाणं राहूनच गेलं. अप्पा नाहीत, रावजी नाही, हद्दीचा तो नाकाही नाही. काळ थांबवायचं ते थांबवतो आणि कुणाच्या दाराची कडी वाजवत नाही. पण दुपारी कधी वीज जाते, मोटर अवचित गप्प होते, आणि माझे म्हातारे पाय आपसूक पडवीत येऊन उभे राहतात. त्या निःशब्दतेत, पाठमोरं उभं राहून, मोडलं नाही काही, असं कुणी सांगेल म्हणून.