ओढ्याकाठचा पाऊण एकर

कुशाबाईला त्या दिवशी चहा बशीसकट आला. एरवी तिचा चहा दांडी तुटलेल्या कपातून यायचा, तोही घरातल्या सगळ्यांचा पिऊन झाल्यावर, आणि पुष्कळदा यायचाच नाही. आज भाचेसून राजेश्वरी स्वतः गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीपाशी आली आणि म्हणाली, "आत्याबाई, च्या घ्या. साखर कमी टाकलीय, तुमाला चालतीय तशी."

आपल्याला साखर किती चालते हे या घरात कुणाला तरी ठाऊक आहे, हे कुशाबाईला चौसष्टाव्या वर्षी कळले.

लासुर्ण्याच्या या वस्तीवर ती परत आली तेव्हा बावीस वर्षांची होती. कन्हेरीला दिली होती. चौथ्या वर्षी नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला म्हणाला, राहायचं तर राहा. वडील आबासाहेब बैलगाडी जुंपून गेले आणि लेकीला घेऊन आले. कुशाबाई वडिलांना देव मानायची ती तेव्हापासून. पण देवाने आणले तरी घर शेवटी भावाचे. तिने चाळीस वर्षे शेण काढले, धारा काढल्या, वैरण कापली, भावजयीची बाळंतपणे केली, पुढे त्या भावजयीचे अंथरुणातले सगळे केले. सणाला पुरणपोळी मिळायची. बोलायला मात्र कुणी नव्हते. मग ती म्हशीशी बोलायची, आणि म्हैस विकली त्या वर्षी तिला आपला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला होता.

चहापाठोपाठ भाचा आला. युवराज, भाऊ दत्तोबाचा थोरला. लहानपणी तिच्या कडेवर वाढलेला.

"आत्या, तुमी आज इंदापूरला चला आमच्यासंगं. गाडीतनं जाऊ."

जन्मभर 'अगं आत्या' म्हणणारे पोर आज 'तुमी' म्हणाले. कुशाबाईने कप खाली ठेवला.

"काय काम काढलंस?"

"ओढ्याकाठच्या तुकड्याचं. पेट्रोल पंपवाले इचारत्यात. पर सातबाऱ्यावर, इतर हक्कात, कुणा म्हाळसाचं नाव अजून बसलंय. वकील म्हनतोय, जुनं मृत्युपत्र आन् फेरफार काढा, वंशावळ करा. ही म्हाळसा कोन, ते आण्णास्नीबी नीट सांगता यीना."

दारात उभा असलेला दत्तोबा गाईच्या दाव्याकडे बघत राहिला. त्याला सांगता येत नव्हते असे नाही. म्हाळसा गेली तेव्हा तो सात-आठ वर्षांचा होता.

"माझी आत्या," कुशाबाई म्हणाली. "आबांची थोरली भन. ह्याच खोलीत मेली."

गाडीत तिच्या मांडीवर एक पिशवी ठेवण्यात आली. आत हिरवी साडी, खण आणि नारळ. मग तिला उमगले, की आज नुसती वंशावळ नव्हती.

आपल्या भागात ही रीत आहे, आणि ती मोडायची छाती फार थोड्यांना होते. बाप गेला की बहिणींनी कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने साडी-चोळी नेसवायची. सही केली तर भाऊबीज, माहेरपण, मेल्यावर माहेरचे लुगडे. नाही केली तर बहीण भावाच्या मुळावर उठली. कायदा म्हणतो, लेकीचा वाटा लेकाएवढा. कायदा बिचारा लांबून येतो, आणि गावच्या वेशीवरच त्याला साडी-चोळी देऊन परत पाठवतात. आबासाहेबांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. कुशाबाईची सही राहून गेली होती, कारण ती घरातच होती. गोठ्यातले दावे कुठे पळून जाते?

इंदापुरात वकिलाच्या टेबलाशी वंशावळ लिहायला घेतली. कुशाबाईने तोंडपाठ सांगितली. मूळ पुरुष गेणू. गेणूचा लेक आबासाहेब, लेक म्हाळसा.

"लेकी नगं," युवराज म्हणाला. "पोरं तेवढी धरा."

वकिलाने मान हलवली. "तसं चालत नाही, सगळे वारस दाखवावे लागतात. या बाई हयात आहेत का?"

"व्हत्या त्या. लेकरूबाळ न्हाय. सोडा की!"

तेवढ्यात गेणूच्या मृत्युपत्राची नक्कल आली. मजकूर मोडीत होता. बाहेर मोडी वाचून देणारे एक निवृत्त गुरुजी बसत. त्यांनी चष्मा पुसला आणि एका सुरात वाचायला सुरुवात केली. विहीर, बैल, जमीन, सगळे मुलगा आबासाहेब यास. मग गुरुजींचा सूर जरा खाली आला.

"'माझी थोरली मुलगी म्हाळसा, इला नवऱ्याने टाकले आहे. सबब ओढ्याकाठचा पाऊण एकर इजला दिला आहे. इने तो कसावा व आपले पोट भरावे. भावाने आड येऊ नये. तिजला कोणाचे तोंडाकडे पाहणेची वेळ येऊ नये, ही माझी इच्छा.'"

कुशाबाईने हातातली पिशवी खाली ठेवली.

गुरुजींनी दुसरा कागद उचलला. हा फेरफार, मृत्युपत्राच्या पुढल्याच वर्षाचा. "'म्हाळसा इने आपला हक्क भाऊ आबासाहेब याचे लाभात राजीखुशीने सोडला. सबब नाव कमी केले.' खाली डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. इतर हक्कातलं नाव तेवढं काढायचं राहून गेलं, म्हणून हे सगळं निघालं."

"झालं की मग!" युवराज खुशीत आला. "मिटलं!"

कुशाबाईला काहीच ऐकू येत नव्हते. तिला म्हाळसाआत्या दिसत होती, जर्मनच्या ताटलीत भाकरी घेऊन उंबऱ्याबाहेर बसलेली. ताक मागताना पदर तोंडाशी धरणारी. कुशाबाईची आई म्हणायची, "आमच्याच जिवावर खाती, वर ताक पायजे." आणि रोज दिवस कलला की म्हाळसाआत्या उठायची, ओढ्याकाठच्या त्या तुकड्याच्या बांधावर जाऊन बसायची, अंधारेपर्यंत. पोरे खडे मारायची. भरमिष्ट म्हणायची. कुशाबाईनेही एकदा मारला होता. म्हातारीने वळून बघितले आणि एवढेच म्हणाली, "मार बाय. तुझंच हाय समदं."

ती तिच्या स्वतःच्या रानात बसत होती. आणि ते रान काढून घेणारा कुशाबाईचा देव होता.

दुपारी हक्कसोडपत्र निबंधकाच्या टेबलावर गेले. अंगठ्याची शाई, फोटो काढायचा कॅमेरा, सगळे तयार. साहेब बाई होत्या. त्यांनी नेहमीप्रमाणे, कागदातून डोके वर न काढता विचारले, "आजी, राजीखुशीने करताय ना?"

हा प्रश्न तिथे दिवसातून वीस वेळा विचारला जातो, आणि वीसही वेळा उत्तर एकच येते.

"न्हाय," कुशाबाई म्हणाली.

साहेबांनी डोके वर केले.

"आत्या!" युवराज कानाशी आला. "काय बोलती तू? लोकं बगत्यात."

'तुमी' गेले होते. कुशाबाईला उलट बरे वाटले.

"बगू दे. बाईसायेब, हितं लिवलंय त्ये खोटं हाय. मी राजी न्हाय आन् खुशी बी न्हाय. माझ्या आत्याचंबी असंच लिवलं. तिला कुनी इचारलं व्हतं का, त्ये काय कागदात न्हाय."

साहेबांनी कागद बाजूला सारला. "मग नोंद होणार नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

साडीची पिशवी गाडीतून गेली. कुशाबाई एसटीने आली. फाट्यापासून वस्तीपर्यंत चालताना ओळखीचे दोघे भेटले, दोघांनीही मोबाईल कानाला लावला. खोलीशी आली तर घराचे मधले दार आतून लावलेले होते. चाळीस वर्षांत ते दिवसाचे कधी लागले नव्हते.

तिन्हीसांजेला ती ओढ्याकाठच्या बांधावर जाऊन बसली. ऊस डोक्यावर गेला होता. थोड्या वेळाने दत्तोबा आला आणि दहा पावलांवर उभा राहिला.

"अक्का, काय कमी केलं गं आमी तुला?"

"आबाबी म्हाळसाआत्याला ह्येच इचारायचं."

"तू तुटलीस बग आमाला."

कुशाबाई रडली. खोटे कशाला सांगायचे, ती हमसून हमसून रडली. भाऊ होता तो, पाठचा. दत्तोबा घराकडे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून चहा आला नाही, ना बशीसकट ना बशीवाचून. तिने तीन दगडांची चूल मांडली. एकटीची भाकरी थापताना हात सारखा दुसऱ्या भाकरीचे पीठ मळायचा.

पुढल्या सोमवारी तिने पहिली एसटी धरली. तेच वकील, तेच टेबल. वाटपाचा अर्ज करायचा म्हणाली. वकिलाने तिला खुर्ची दिली आणि वंशावळीचा नवा कागद घेतला.

"गेणू. पुढं?"

"आबासाहेब. आन् म्हाळसा."

वकिलाने पेन थांबवले. "आजी, त्या बाईंनी हक्क सोडून सत्तर वर्षं झाली. तो परत येणार नाही. तुमचा वाटा तुमच्या वडलांकडून येतो, तो मिळेल. म्हाळसाबाईंचं नाव लिहून काही फरक पडणार नाही. त्यांना वारससुद्धा कुणी नाही."

"लिवा तुमी," कुशाबाई म्हणाली. "मी हाय की."