खलनायकाची दुसरी आवृत्ती

हुडकेश्वरच्या मधुसूदनरावांनी स्वतः लिहिलेली कादंबरी स्वतःच तपासली आणि ऑर्डर येईल तशी प्रत छापून पाठवणाऱ्या एका वेबसाइटवर स्वतःच चढवली. मलपृष्ठावर 'एक अजोड कलाकृती' असा अभिप्राय होता. तोही घरचाच. आता एकच इच्छा उरली होती: नातेवाईक नसलेल्या कुणीतरी ती विकत घ्यावी. नातेवाईक फुकट प्रतीची वाट पाहत होते.

एके सकाळी वेबसाइटवर विक्रीच्या शून्याचा एक झाला. मधुसूदनराव हॉलभर नाचले.

"काहून नाचून राहिले?" त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

"वाचक सापडला! नाव सांगत नाहीत ते वेबसाइटवाले."

"शहाणा आहे. लपून राहिला."

पुढल्या आठवड्यात कुरिअरवाला शेजारच्या चंद्रभानजींचं पार्सल यांच्याकडे ठेवून गेला. त्यांच्या दाराला कुलूप होतं. पाकिटावर कादंबरीचं नाव वाचून मधुसूदनरावांना घाम फुटला. कादंबरीतला खलनायक खडखडता कूलर लावून अख्खी कॉलनी जागी ठेवतो आणि शेवटी त्याच कूलरचा शॉक लागून मरतो. चंद्रभानजींशी दोन उन्हाळे अबोला होता. कारण, कूलर.

"परत पाठवा ते," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

"मग विक्री पुन्हा शून्य!"

संध्याकाळी त्यांनी पार्सल प्रसादासारखं दोन्ही हातांनी दिलं.

दोन दिवस शेजारचा कूलर बंद होता. शांतता भयंकर होती. मग बेल वाजली.

"तो कूलरवाला मीच न?" दारात चंद्रभानजी होते.

"छे, काल्पनिक..."

"गप गा भाऊ! फुकट मांगायले आपली बोलचाल नव्हती, म्हणून विकत घेतलं. आता साळ्याले सांगून बसलो, माझ्यावर पुस्तक निघालं म्हणून. त्यानं आठ कॉप्या मांगवल्या."

"आठ!" मधुसूदनरावांनी चौकट धरली.

"पण मले मारलं काहून? बायको रडून राहिली. जिवंत करा, नाहीतर ऑर्डर कॅन्सल."

साहित्यमूल्य की वाचक, हा प्रश्न मराठी लेखकाला पिढ्यानपिढ्या छळत आला आहे. मधुसूदनरावांनी तो दारातच सोडवला. प्रकाशक घरीच असल्यानं परवानगीही लगेच मिळाली. दोघं कॉम्प्युटरपुढे खुर्च्या ओढून बसले. खलनायकानं कूलरला हात लावला आणि नेमकी लाइट गेली. वाचला. 'प्रकाशित करा' हे बटण चंद्रभानजींनी दाबलं.

"दुसऱ्या भागात कूलर मोठा ठेवा गा," जाताना ते म्हणाले.

ते घरी पोचताच खडखड सुरू झाली. मधुसूदनरावांनी खिडकी सताड उघडली.

"ऐकून तर पाह्य वं," ते प्रमोदिनीबाईंना म्हणाले, "काय ओघ आहे!"