रणगाड्यांवरची धूळ

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. माझे केस चहूकडे पिंजारलेले आहेत. त्यावरून मला हसायचे नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एके काळी माझे टोक इतके बारीक होते की बोटाच्या पेराएवढ्या शिपायाच्या चेहऱ्यावर मी डोळ्यातली बाहुली काढत असे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. खिडकीपाशी बसणाऱ्या एका बाईने माझे केस निवडले, इवल्याशा वाटीत उलटे उभे केले आणि वाटी टेबलावर हलकेच आपटत त्यांची टोके जुळवली. माझ्या टोकाला कात्री लागलेली नाही, याचा मला आजही अभिमान आहे. धातूच्या नळीत बसवल्यावर तिने मला ओले करून उजेडात धरले आणि स्वतःशीच मान डोलावली. ती माझी पहिली शाबासकी.

मला विकत घेतले ते दादाने. दादा गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवायचा आणि त्याची धाकटी बहीण दातांच्या कवळ्या बनवायची. दोघांचे हात बारीक कामाला सरावलेले आणि दोघांना वेड एकच, टेबलावरच्या लढायांचे. रविवारी धाकटीच्या घरी जेवणाच्या टेबलावर हिरवे कापड अंथरायचे, पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडायच्या आणि फुटपट्टीने अंतर मोजत, फासे टाकत आपापली फौज पुढे सरकवायची. शिपाई आणि रणगाडे दुकानातून कोरे, करडे यायचे. ते घरीच रंगवावे लागत. दादाचा एक नियम होता आणि कितीही गळ घातली तरी तो सैल होत नसे. बिनरंगाचा गडी टेबलावर येणार नाही.

काय हात होता त्याचा! श्वास रोखून तो मला टेकवायचा आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत रणगाड्याचा नंबर उमटायचा. त्याचे आकडे किंचित मागे रेललेले असत, पोटभर जेवून उठलेल्या माणसासारखे. खेळायला येणारी मंडळी भिंग लावून ते बघत आणि तोंडात बोटे घालत. कौतुक दादाचे व्हायचे, पण त्यातला निम्मा वाटा मी गुपचूप माझ्या नावावर घेत असे.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची. पुढे एका सकाळी त्याने मला रंगात बुडवून नव्या रणगाड्यावर नेले आणि चारचा आकडा काढताना रेघ पार चाकापर्यंत घसरली. त्याने ती पुसली, पुन्हा काढली, पुन्हा घसरली. एरवी मला धुऊन, टोक जुळवून आडवे ठेवणारा दादा त्या दिवशी मला पाण्याच्या पेल्यात डोक्यावर उभे करून निघून गेला. मित्रांनो, ब्रशाला याहून वाईट शिक्षा नाही. माझे टोक वाकले ते कायमचेच. पण मला त्याचा राग आला नाही, त्याची दया आली.

नवे रणगाडे कोरेच राहिले आणि दादाने खेळणे सोडले. धाकटी म्हणाली, "दादा, मी रंगवते ना तुझे."

"फौज माझी, हात तुझा. मग मी काय नुसते फासे टाकायला येऊ?" दादा म्हणाला आणि त्याने आपले सगळे ब्रश तिच्या हवाली केले. तिच्याकडे नवे ब्रश होते. मी डिंकाच्या कामाला लागलो. तिचे रविवार ओस पडले. हिरवे कापड घडी घालून ठेवलेले बघून ती उगाचच टेबल पुसत बसायची. भाऊ असा आतल्या आत मिटत जाईल, हीच तिला धास्ती होती.

शेवटी तिने वहिनीकडून ते कोरे रणगाडे गुपचूप मागवून घेतले. तिने ते रंगवले आणि हे मी डिंकाच्या बाटलीतून पाहिले आहे, तिने ते स्वतःच्या धाटणीने रंगवले नाहीत. तिचे आकडे कवायतीत उभे राहिल्यासारखे ताठ असतात. दादासारखे मागे रेललेले आकडे जमावेत म्हणून तिने कागदच्या कागद भरले. मग रविवारी दादाला जेवायला बोलावले आणि तो यायच्या आत उरकावे म्हणून घाईघाईने गच्चीवर वार्निशचा फवारा मारला.

इथेच घोटाळा झाला. वार्निश मारण्याआधी दादा नेहमी दोरीवरचे कपडे चाचपून बघायचा. ते दमट लागले तर वार्निशचा डबा परत कपाटात. धाकटी त्या दिवशी हे विसरली. हवा दमट होती. बघता बघता सगळ्या रणगाड्यांवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर आला. ती कपाळाला हात लावून बसली असतानाच दादा दारात उभा राहिला.

"हे काय? बर्फात लढणार आहेत का?" तो म्हणाला. मग त्याने एक रणगाडा डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या थराखाली आकडे मागे रेललेले होते. एकेका आकड्यावरून त्याने अंगठा फिरवला.

"कपडे चाचपले नाहीस ना?"

"नाही रे."

"जा, स्वयंपाकघरातलं तेल आण. आणि माझा तो जुना ब्रश कुठंय?"

"तो? तो डिंकात आहे. पार पिंजारलाय."

"असू दे. मी तरी कुठं सरळ आहे?"

गरम पाण्याने माझा डिंक सुटला. थरथरत्या हाताने दादा मला तेलात बुडवून रणगाड्यांवरून फिरवू लागला. तेल लावायला नेम लागत नाही. पांढरा थर विरत गेला आणि खालचा हिरवा रंग वर आला. चाकांजवळ मात्र तो थांबला. "इथं तेल नको. ही धूळ वाटतेय," असे म्हणून त्याने मला धुऊन कोरडे केले, मातकट रंगात टेकवले, कागदावर जवळजवळ सगळा रंग पुसून टाकला आणि चाकांवरून फिरवले. माझा प्रत्येक वाकडा केस आणि त्याच्या हाताची प्रत्येक थरथर आपापला ठिपका टाकत गेली. खऱ्या रस्त्यावरून दौडत आल्यासारखी धूळ चाकांवर बसली.

धाकटीने भिंग लावले. "दादा, हे मला नाही जमायचं. माझी धूळ रांगेत बसते."

"मग आकडे तुझे, धूळ माझी," तो म्हणाला. "कापड काढ."

त्या दिवशी पहिल्याच फाशाला त्याचा नवा रणगाडा उडाला, म्हणजे खेळातून बाद झाला. नव्या रंगाचे रणगाडे आधी उडतात, हा या खेळातल्या लोकांचा नेहमीचा अनुभव. दादा खो खो हसला आणि म्हणाला, "उडू दे. पण धूळ कशी बसलीय बघ!"

तेव्हापासून दर रविवारी तो मला हाक मारतो. मित्रांनो, ब्रश धुवा, टोक जुळवा आणि त्याला आडवे ठेवा, पाण्यात डोक्यावर उभे करू नका. एवढे करूनही त्याचे केस एक दिवस पिंजारतीलच. तेव्हा त्याला टाकून देण्याआधी एखाद्या रणगाड्याच्या चाकांवरून फिरवून बघा. आणि घरात कुणाचा हात थरथरू लागला असेल, तर तो ब्रश त्याच्याच हातात द्या.