आर्थर पिकरिंगचा गोल

"अहो, नव्वदीची म्हातारी आहे. दिलात तिच्या बापाला एक गोल, तर तुमच्या खिशातलं काय जातंय?" पोळी लाटता लाटता प्रमोदिनी म्हणाली.

"असा देता येत नाही गं. रेकॉर्ड आहे ते," गुणवंत म्हणाला.

गुणवंत शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात पंपाच्या सुट्या भागांचा स्टोअरकीपर. सुट्टीच्या दिवशी मात्र तो शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात असे. जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून विसरलेल्या फुटबॉलपटूंची कारकीर्द एका वेबसाइटवर नोंदवायची, तीही फुकट. त्यातला आर्थर पिकरिंग त्याचा लाडका. डावा बॅक. दोन महायुद्धांच्या मधली अकरा वर्षं एकाच क्लबकडून तीनशे सात सामने, उन्हाळ्यात वीटभट्टीवर काम, देशाच्या संघात कधी निवड नाही. गोल शून्य.

परवा आर्थरच्या मुलीची मेल आली. उद्या तिचा नव्वदावा वाढदिवस. 'बाबा जेवताना म्हणायचे, मीही एकदा गोल केला होता. खरं होतं का ते?'

आज सकाळी तो गोल सापडला. १४ फेब्रुवारी १९३१. आर्थरने हेडर मारला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात घातला. लेकीशी तो खोटं बोलला नव्हता, फक्त पुढचं सांगितलं नव्हतं.

गुणवंतला आर्थरविषयी फार माया वाटली. कोल्हापुरात तो पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून बॅक खेळायचा आणि फायनलला त्यानेही हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या गोलावर जिंकलेल्या समोरच्या तालमीने वाजतगाजत घरी येऊन त्याला फेटा बांधला, वर नारळ दिला. त्याची पेठ वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. प्रमोदिनीला हे ठाऊक होतं, त्यांच्या मुलीला, अवनीला, नव्हतं.

त्याने वेबसाइटवर स्वयंगोलाच्या रकान्यात एक लिहिला. नोंद ती नोंद. मग मेल लिहायला घेतली. 'होय, तुमचे वडील खरं सांगत होते. चौदा फेब्रुवारीला त्यांनी हेडरने गोल केला. गोलकीपरला हलायलाही वेळ मिळाला नाही.'

"खलास, झाली लिहून. स्पेलिंग बघ गं जरा," त्याने अवनीला हाक मारली.

तिने वाचलं. "सो स्वीट. बाबा, डिड यू एव्हर स्कोअर?"

"केला होता एक. फायनलला."

"रिअली? देन?"

"मग काय. लोकांनी फेटा बांधला."

अवनीने आईकडे पाहिलं. प्रमोदिनीने तव्यावरची पोळी उलटली.

"घरी येऊन बांधला," ती म्हणाली. "वाजतगाजत आले होते सगळे."