खाली भरलेली हवा

देवबागसमोर दहा मीटर पाण्यात काशीरामचं जाळं खडकात अडकलं. ते सोडवायला त्याची दोन्ही पोरं, यतीन आणि दिव्या, कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळ्या दातांत धरून खाली उतरली. होडीत कॉम्प्रेसरपाशी बाप बसला.

यतीन पट्टीचा पाणबुड्या. श्वास रोखून तळ गाठण्यात लहानपणापासून त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दिव्या कट्टा गावच्या कॉलेजात अकरावी सायन्सला जायची आणि वायूंचे नियम काही केल्या तिच्या डोक्यात शिरत नव्हते. आठवड्यापूर्वी तिने वर्गात विचारलं होतं, "सर, दाबाने हवा आकसते, मग माझा दादा तळाला जाऊन येतो, त्याला काही कसं होत नाही?"

हरिश्चंद्र सर म्हणाले, "तो हवा वरून नेतो. खाली ती निम्मी होते, वर आला की पुन्हा होती तेवढी. पण खालीच छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आला, तर तीच हवा दुप्पट होईल. फुप्फुस फाटेल."

तिने हे घरी सांगितलं, तेव्हा यतीन हसला. "माका पाण्याचां शिकवतंस गो?"

आता जाळं सुटत आलं होतं आणि नळीतली हवा अचानक बंद झाली. वर कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला होता. यतीनने नळी थुंकली, तोंड गच्च मिटलं आणि सवयीने वर झेपावला.

दिव्याने त्याचा पाय धरला. त्याने लाथ मारली. ती अंगावर चढली, त्याच्या पोटात बुक्की हाणली. बुडबुडे फुटले, त्याने पुन्हा तोंड मिटलं. तिने पुन्हा हाणली. स्वतः ती हवा सोडत होती, आणि सोडावी तितकी छाती पुन्हा भरत होती. सर सांगत होते ते हेच! पण दादाला कसं सांगणार? तो तिच्याकडे वैऱ्यासारखा बघत होता. ती मारत राहिली.

होडीत ओढून घेतल्यावर यतीन खोकला. फेस लाल होता.

"काय झालां रे? काय झालां?" काशीराम ओरडत राहिला. किनारा येईपर्यंत दिव्या दादाचं डोकं मांडीवर घेऊन त्याचे श्वास मोजत होती. एकेक श्वास उशिरा येत होता.

तो वाचला. फुप्फुसाला छोटी चीर गेली होती. "सगळी हवा धरून आला असता, तर इथवर पोचलाच नसता," डॉक्टर म्हणाले. "मात्र यापुढे पाण्यात उतरायचं नाही. कधीच नाही."

 दोन दिवस दिव्या जवळ बसली की यतीन डोळे मिटून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "जाळां थंयच खडकात आसा मां?"

"होय."

"मगे आता बाबा उतरतले." तो तिच्याकडे वळला. "तेंका सगळां नीट सांग गो. माका सांगितलंस तसां नको. ते ऐकीपर्यंत सांग."

दिव्या उठली. बाहेर बाकावर काशीराम हात जोडून बसला होता. ती त्याच्या पायांशी जमिनीवर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.