खांडेनवमीची बॅटरी

जानरावचं एक होतं, एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी त्याचं हो होत नसे. त्याची भाजीची वाडी किन्हीराजाकडच्या एका धरणापलीकडे. सडकेनं वळसा फार, म्हणून त्यानं वर पत्र्याची खोली असलेली नाव करून घेतली होती. वांगी-टमाटे तिच्यातून यायचे, दुपारी घरचे तिथंच टेकायचे. पंखा अन् दिवा वरच्या सोलर पाटीवर आणि आतल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालायचा. ती बॅटरी पावसाळा संपायच्या आत बसली.

"काका, ट्रॅक्टरची बॅटरी झटका द्याले असते, दिवसभर पंखा ओढाले नाही," मालेगावचा दुकानदार फुलचंद म्हणाला. "लिथियमची न्या. पाणी नाही, ग्यास नाही. नाहीतर ही पाण्याची न्या. पण तिचा ग्यास निघते, तिले हवा पाहिजे, अन् जवळ आग नको."

"मामाजी, लिथियमचीच घ्या ना. खोली लहान हाय," संगं आलेली सून सुप्रिया म्हणाली.

"जिच्या पोटात डोकावता येत नाही, तिच्यावर भरोसा कायले ठेवाचा? तू चूप राय." झालं! पाण्याचीच आली. वरून शिंतोडे उडतात म्हणून बहाद्दरानं बॅटरीच्या लाकडी पेटीच्या फटीसुद्धा लांबी भरून बुजवल्या.

खांडेनवमीला विळा, पावडं, पंप, सगळ्यांची पूजा झाली. मग जानरावची बायको मनकर्णाबाई आरतीचं ताट घेऊन काठाला लावलेल्या नावेत चढली. बॅटरीही घरचीच की! भर उन्हात बॅटरी चार्ज होत होती. कुंकू लावायला तिनं पेटीचं झाकण उघडलं अन् पेटता दिवा पुढं केला.

"आत्याबाई, दिवा नको!" काठावरून सुप्रिया ओरडली.

धाड! बॅटरी फुटली. काठावरचे बगळे उडाले. नावेच्या टोकाला उभा जानराव जागच्या जागी थिजला. बायको दोन्ही हातांनी तोंड धरून किंचाळत होती. तेवढ्यात सुप्रिया धावत नावेत आली, तिनं सासूला कवेत धरलं अन् सरळ पाण्यात ढकललं! मागोमाग स्वतः उडी मारली आणि ती म्हातारीचं डोकं पाण्यात बुडवू लागली.

जानरावचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सून सासूला बुडवून राह्यली? दिवसाढवळ्या?

"सोड तिले, चांडाळणी!" त्यानं वल्हं उचललं अन् सुनेच्या दंडावर हाणलं. एकदा. दुसऱ्यांदा. ती कळवळली, पण हात सोडला नाही.

"अ‍ॅसिड हाय मामाजी, अ‍ॅसिड! डोळे उघडा आत्याबाई, पाण्यात उघडा!"

तेव्हा कुठं जानरावला आपल्या मनगटाची आग कळली. तिथंही थेंब उडाले होते. वल्हं हातातून गळालं.

वाशिमच्या डॉक्टरांनी मनकर्णाबाईच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा तो दाराशी उभा होता. त्याला पुढं जायची हिंमत होईना. "लगेच पाणी मिळालं म्हणून नजर राहिली," डॉक्टर म्हणाले. देवा रे! जानरावला रडू फुटलं.

मनकर्णाबाईनं डोळे किलकिले केले. समोर सुप्रिया वाकली होती. सासूची नजर सुनेच्या काळ्यानिळ्या, सुजलेल्या दंडावर थांबली.

"बाप्पा! हे तुले कोनं मारलं वं?"

"लागलं आत्याबाई. नावेवर पडली मी."

"म्या मारलं," जानराव म्हणाला.