झुडपात मारायची गोळी

रणजीत दहा दिवसांनी अमेरिकेला जाणार होता. त्याआधी त्याला आपलं नेमबाजीचं सामान विकून मोकळं व्हायचं होतं, आणि त्यातल्या दोन वस्तूंवर माझा डोळा होता. एक कॅनव्हास आणि चामड्याचं जाकीट, दुसरी तिपाईवरची दुर्बीण. दोन्ही घेणं मला शक्य नव्हतं.

"रविवारी रेंजवर दोन्ही आणतो," तो फोनवर म्हणाला. "वापरून बघ आणि तिथेच सांग. नाहीतर अजित घेईल. तो तुझ्यासारखा रिसर्च करत बसत नाही."

रिसर्चचं खरं होतं. पुण्याहून एम.एस्सी. करून बंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. मोजमापाची उपकरणं बरोबर मोजतात की नाही हे तपासायचं, हे माझं काम. त्यामुळे जाकीट आधी की दुर्बीण आधी, या प्रश्नावर मी दोन आठवडे कागद खरडत होतो. राज्याच्या निवड चाचणीला तीन आठवडे उरले होते आणि मला पाच गुण कमी पडत होते. पालथं झोपून नेम धरला की हाताच्या नाडीचा ठोका रायफलच्या नळीपर्यंत पोचतो. जाड जाकीट तो ठोका अडवतं. आमच्या रेंजचे मालक अण्णा यांच्या हिशेबाने जाकिटाने आठ गुण वाढतात. दुर्बिणीने मात्र प्रत्येक गोळी कुठे लागली ते लगेच कळतं. पन्नास मीटरवरच्या कार्डातलं भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दहा गोळ्या मारून चालत जायचं, तेव्हा कुठे समजतं की तिसरीपासूनच आपण डावीकडे मारत होतो.

"जाकीट," खंडोजी अण्णा म्हणाले. रविवारी सकाळी मी रेंजवर पोचलो तेव्हा ते चटया अंथरत होते. "आधी स्वतः हलायचा थांब, मग बघत बस कुठे लागली ते."

रेंज अण्णांची होती. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. फौजेतून हवालदार म्हणून सुटल्यावर त्यांनी होसकोट्याच्या पलीकडे, एका कोरड्या तळ्याच्या कडेला, आपल्याच जमिनीवर ही रेंज उभी केली. परवानगी, कुंपण, पाच जागा, गोळ्या अडवायला समोर मातीचा उंच बांध. अठरा वर्षांत इथे एकालाही खरचटलं नव्हतं, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

त्यांची एक पद्धत होती. तेल लावून ठेवलेल्या नळीतून पहिली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून ती कार्डावर मारायची नाही. कार्डांच्या वर, बांधाच्या उतारावर, घाणेरीचं एक मोठं झुडूप होतं. त्याच्या मधोमध ती मारायची आणि मग कार्डाकडे वळायचं. अण्णा तिला झुडपाची गोळी म्हणत. आम्ही दहा जण दर रविवारी न चुकता झुडपाची गोळी मारत असू. तिचे गुण नसत, त्यामुळे ती कुठे लागली हे कुणी पाहत नसे.

रणजीतने दोन्ही वस्तू चटईवर ठेवल्या. जाकीट मी घालून पाहिलं. खांद्यात नेमकं बसलं. "तुझ्यासाठीच शिवलंय," तो म्हणाला. "घे आणि संपव. बोर्डिंग पास हातात येईपर्यंत ताटकळत ठेवू नकोस."

"दुर्बीण बघून सांगतो."

"अण्णा, हा लग्न कसं करणार हो?"

"सरी, ठीक आहे, बघू दे त्याला," अण्णा म्हणाले. "मी मारतो, तू बघ."

ते चटईवर पालथे झाले. वय सहासष्ट, पण झोपताना त्यांचा एकही सांधा कुरकुरत नसे. मी शेजारी तिपाई लावली आणि दुर्बीण झुडपावर धरली. घाणेरीची पानं, गुलाबी-पिवळी फुलं, एका फांदीवर वाळलेला कोश, सगळं हाताच्या अंतरावर आलं.

गोळी सुटली. झुडपाच्या मधोमध एक पान हललं. बाकी काही झालं नाही.

फेब्रुवारी महिना होता. पाऊस होऊन तीन महिने झाले होते, बांधाची माती पिठासारखी झाली होती. कार्डामागे गोळी शिरली की चिमूटभर धूळ उडायची आणि ती नुसत्या डोळ्यांनाही दिसायची. झुडपामागे ती उडाली नव्हती. आपली पापणी लवली असेल असं मला वाटलं. एका नोंदीवर विश्वास ठेवायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय.

"अण्णा, आणखी एक माराल? तिथेच."

"का? पहिली आवडली नाही?"

"धूळ दिसली नाही."

"झुडपात पानं असतात. धूळ कुठली?"

"स्वल्प बघू द्या ना. एकच."

ते पुटपुटत पुन्हा टेकले. मी पापणी न मिटता पाहत राहिलो. दुसरी गोळी सुटली. पान हललं आणि स्थिर झालं. धूळ नाही.

मी दुर्बिणीची कडी हळूच फिरवली. पानं पुसट होत हिरव्या धुक्यासारखी झाली. त्यांच्या फटींतून आता मागची तांबडी माती दिसायला हवी होती. तिथे उजेड होता. कडी आणखी फिरवल्यावर त्या उजेडात एक दोरी दिसली, दोरीवर लाल साडी, शेजारी काळी पाण्याची टाकी आणि वाकून काहीतरी पिळणारी एक बाई. ती सरळ झाली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि ताप पाहावा तसा टाकीवर तळहात ठेवला.

माझ्या डाव्या बाजूला रणजीतने रायफलमध्ये गोळी सरकवली. नळी झुडपाकडे उचलली गेली.

मी त्याच्या रायफलच्या बोल्टवर, मागच्या सरकत्या दांड्यावर, हात टाकला. दुसऱ्याच्या रायफलला हात लावायचा नाही, हा रेंजवरचा पहिला नियम होता.

"वेडा झालास काय?" तो म्हणाला.

"मारू नकोस. मागे माणूस आहे."

"कशाच्या मागे?"

मी दुर्बिणीकडे बोट दाखवलं. अण्णांनी मला बाजूला केलं आणि दुर्बिणीला डोळा लावला. ते बराच वेळ तसेच राहिले. नंतर उठले, तिन्ही रायफली रिकाम्या करून त्यांचे बोल्ट काढले आणि स्वतःच्या खिशात टाकले.

"रणजीत, इथून हलू नकोस. कुणी आलं तर बसवून ठेव." मग माझ्याकडे न बघता, "चल."

मी दुर्बीण काखेत मारली आणि बांधाला वळसा घालून आम्ही मागे गेलो. मागून अर्धा बांध उरलाच नव्हता. लॉरीच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि कडेकडेने माती कापून नेलेली होती. कार्डांच्या मागे अजून बरीच शिल्लक होती, पण वरच्या अंगाला, झुडपाच्या जागी, नुसतं मुळांचं जाळं लोंबत होतं. घाणेरीने समोरून सगळं झाकून ठेवलं होतं. मुळांमधून मला आमच्या पाच चटया आणि शेजारी उकिडवा बसलेला रणजीत दिसत होता.

"दसऱ्यानंतर लॉऱ्या यायच्या," अण्णा म्हणाले. "मी आवाज ऐकायचो. वाटलं तळ्यातली माती नेतात, प्लॉट भरायला." त्यांनी एका मुळाला हात लावला, तशी थोडी माती सांडली. "रोज समोरून बघत होतो रे. समोरून होतं तसंच होतं."

आम्ही घराकडे निघालो. मी पावलं मोजली. चारशे दहा भरली. चालताना डोक्यात आकडेमोड चालूच होती: चटईपासून झुडपाचा चढ, गोळीचा वेग, इतक्या अंतरावर ती खाली किती येईल. उत्तर जमिनीपासून चार मीटरच्या आसपास येत होतं. मी ते दोनदा काढलं. घर एकमजली होतं, गच्ची तीनेक मीटरवर.

बाईने आम्हाला वर गच्चीवर बोलावलं. अण्णा कन्नडमध्ये बोलत होते, मला बरंचसं कळत होतं. तिला वाटलं आम्ही टाकीच्या दुकानातून आलो आहोत. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दोन महिन्यांत दुसरी टाकी, अण्णा. पहिलीला चार भोकं पडली म्हणून तुमच्या माणसाने बदलून दिली. ही तर नवी. तीन भोकं मी साबणाने बुजवली, आणि आज सकाळी पुन्हा. बघा, एकदम दोन."

दोन बारीक धारा टाकीतून बाहेर येत होत्या. वरची जोरात नव्हती, खालची चांगली कमानदार होती आणि तिने साडीचा काठ भिजत होता. भोकं माझ्या छातीच्या उंचीवर, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. त्यातलं एक अण्णांचं होतं. दुसरं माझ्या सांगण्यावरून मारलेलं.

"उन्हाने तडकते म्हणतो तो दुकानदार," ती म्हणाली. "तडकते तर गोल कशी तडकते, सांगा."

अण्णांनी तिला सांगितलं. आम्ही कोण, ही गोळी कुणाची, कुठून येते, सगळं. आवाज न चढवता, एकही वाक्य न गाळता. सांगताना ते दोन्ही हात अंगालगत धरून सरळ उभे होते. बाई आधी हसली. मग तिने टाकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि कठड्याला टेकून खाली बसली. नंतर तिने विचारलं, "दर रविवारी?"

"हो."

"मी रविवारीच धुणं वर आणते."

अण्णा माझ्याकडे वळले. "दसऱ्यापासून रविवार किती झाले?"

"सोळा."

"दहा माणसं."

"एकशे साठ," मी म्हणालो. "कुणी आलं नसेल ते सोडलं तर. दीडशेच्या वर नक्की."

"आणि इथे?"

"नऊ. पहिल्या टाकीला धरून."

त्यांनी मान हलवली. टाकीच्या मागे गच्चीचा कठडा होता आणि कठड्यापलीकडे, जिथे मागच्या वर्षी नुसती नाचणीची शेतं होती असं अण्णा म्हणत, तिथे आता सात-आठ घरं होती. एक विटांनी अर्धवट बांधलेलं. मधून एक रस्ता जात होता. रस्त्याने दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या. ही गोळी सव्वा किलोमीटरच्या पुढे जाते. डब्यावर तसं छापलेलंच असतं.

"तुझी निवड तीन आठवड्यांनी ना?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"ती गेली. इथे आता गोळी सुटणार नाही."

मी बरं म्हणालो. दुर्बीण अजून माझ्या काखेत होती. ती रणजीतला परत द्यायची नाही, एवढं ठरून गेलं होतं. कशासाठी, ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

खाली उतरल्यावर अण्णा रेंजकडे वळतील असं मला वाटलं. ते उलट्या दिशेला निघाले. मागच्या पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारी शेणी थापत होती. शेजारी गोठा होता, गोठ्यात दोन दावणी, आणि त्यातली एक रिकामी. अण्णांनी चपला काढून नमस्कार केला आणि विचारलं की अक्का, गेल्या काही महिन्यांत इथे काही नवल घडलं का, काही फुटलं, कुणाला काही लागलं?

"नाही बाबा," ती म्हणाली. "नवल कसलं?" मग शेणाचा हात तसाच हवेत धरून म्हणाली, "म्हैस गेली. सकाळी बाहेर बांधली होती. मटकन बसली ती उठलीच नाही. साप चावला म्हणाले सगळे. मानेपाशी एवढंसं रक्त होतं."

"वार कोणता होता, अक्का?"

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या दुर्बिणीकडे. मग ती शेणाने भरलेल्या बोटांवर मागचे दिवस मोजू लागली. अण्णा अनवाणी उभे राहून वाट पाहत होते.